मधली चौकट चुकली आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या मुलांच्या पुरवणीत गेल्या आठवड्यात द्रव्य आणि त्याच्या अवस्था या विषयावर अर्धे पान आले. शाळेतून निवृत्त झाले तरी अशी पाने कापून ठेवण्याची माझी सवय गेलेली नाही. कात्री घेऊन बसले, आणि पानाच्या मधोमध असलेले चित्र पाहून कात्री बाजूला ठेवली. तीन चौकटी. पहिलीत ठिपके एकमेकांना खेटून, दुसरीत जरा सुटेसुटे, तिसरीत आणखी सुटे. खाली अनुक्रमे स्थायू, द्रव, वायू.

हे चित्र बहुतेक ठिकाणी असेच असते, त्यामुळे दोष एकट्या आपल्या चित्रकाराचा नाही. मी स्वतः 31 वर्षे सहावी-सातवीला विज्ञान शिकवले आणि त्यातली पहिली 9 वर्षे हेच चित्र फळ्यावर काढले. पण त्यातली मधली चौकट चुकीची आहे, तिसरीही चुकीची आहे, आणि या दोन चुकांमुळे मुलांच्या डोक्यात जे बसते ते पुढच्या इयत्तांत काढता काढता शिक्षकांच्या नाकी नऊ येतात. म्हणून हे पत्र. जरा लांबले तरी छापावे, ही विनंती.

मला जाग आणली ती सहावीतल्या एका मुलीने. तिने घरी सुई नसलेल्या सिरिंजमध्ये पाणी भरून, टोकावर अंगठा दाबून, दट्ट्या जोर लावून ढकलून पाहिला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिली. “बाई, पाण्याच्या कणांच्या मधे एवढी मोकळी जागा आहे, मग पाणी दाबून लहान का होत नाही?” फळ्यावरचे चित्र खरे मानले, तर तिचा प्रश्न बिनतोड होता. मी ‘द्रव पदार्थ दाबले जात नाहीत’ हे पुस्तकातले वाक्य म्हणून दाखवले. तिने मान हलवली आणि खाली बसली. ते मान हलवणे मला अजून आठवते, कारण तिला कळले नव्हते आणि मलाही.

त्या सुट्टीत मी कागद घेऊन हिशेब केला. 1 मिलिलिटर पाण्याची उकळून वाफ झाली की ती साधारण 1700 मिलिलिटर जागा घेते. कण तेवढेच, जागा 1700 पट. 12 गुणिले 12 गुणिले 12 म्हणजे 1728. याचा अर्थ, लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांना कण एकमेकांपासून सुमारे 12 पट दूर गेले. आता वितळण्याकडे बघा. बहुतेक पदार्थ वितळताना काही टक्क्यांनीच फुगतात. आकारमान 10 टक्क्यांनी वाढले, तर कणांमधले अंतर जेमतेम 3 टक्क्यांनी वाढते. 3 टक्के आणि 12 पट! स्थायू ते द्रव ही उंबरठा ओलांडण्याएवढी हालचाल आहे आणि द्रव ते वायू ही प्रचंड उडी. आपण मात्र चित्रात दोन सारख्या पायऱ्या दाखवतो.

मग बरोबर चित्र कसे असेल? पहिल्या दोन चौकटींत ठिपके जवळजवळ सारख्याच दाटीचे. पहिलीत ते ओळीने बसलेले, दुसरीत त्यांची ओळ मोडलेली, पण एकमेकांना टेकलेलेच. द्रव वाहतो तो कण सुटे झाले म्हणून नाही, तर टेकलेले असूनही ते एकमेकांवरून घसरू शकतात म्हणून. आणि तिसऱ्या चौकटीत ठिपका 1 सेंटिमीटरचा काढला, तर त्याचा शेजारी सुमारे 12 सेंटिमीटरवर हवा. म्हणजे पुरवणीतल्या चौकटीत एकच ठिपका मावेल. हे चित्र मुलांना दाखवले की त्यांना सिरिंजचे कोडे आपोआप सुटते. हवा भरलेली सिरिंज अंगठ्याने बंद करून दाबली तर दट्ट्या निम्म्याच्या आसपास जातो, सोडला की परत येतो. पाणी भरलेली जागची हलत नाही. पाण्याला अगदीच दाबता येत नाही असे नाही. समुद्रात सुमारे 11 किलोमीटर खोल, जिथे दाब आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या हजार पटींहून जास्त असतो, तिथे पाणी साधारण 5 टक्क्यांनी आक्रसलेले असते. एवढ्या दाबाला 5 टक्के! मधे मोकळी जागा फारशी नाही, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

इथे एक अडचण आहे आणि ती लपवू नये. आपण हा पाठ शिकवताना उदाहरण घेतो ते नेमके बर्फ-पाणी-वाफ यांचे, आणि त्यातला बर्फ हा अपवाद आहे. बर्फातले कण पाण्यातल्या कणांपेक्षा दूर असतात. 1 लिटर पाण्याचा बर्फ सुमारे 1.09 लिटर भरतो, म्हणूनच तो तरंगतो. ‘स्थायूचे कण सर्वांत जवळ’ असे घोकून घेतल्यावर तरंगणारा बर्फ दाखवला, तर हुशार मूल गोंधळणारच. मी सातवीला मेणबत्तीचे मेण जोडीला घेत असे. एका भांड्यात वितळलेले मेण घेऊन त्यात मेणाचा घट्ट तुकडा सोडायचा: तो बुडतो. दुसऱ्या भांड्यात पाण्यात बर्फ: तरंगतो. मग मेण थंड होऊ द्यायचे. थिजल्यावर मधोमध खळगा पडतो, कारण मेण आक्रसले. पाणी थिजताना उलट वर फुगून येते. दोन्ही भांडी शेजारी शेजारी ठेवून मुलांना फक्त बघू द्यायचे. नियमाआधी अपवाद दिसला तरी मुलांचे काही बिघडत नाही. बिघडते ते अपवाद दडपून नियम सांगितल्याने.

पण कणांपर्यंत येण्याच्या आधीच एक गाठ असते. ‘ज्याला वस्तुमान असते आणि जे जागा व्यापते ते द्रव्य’ ही व्याख्या मुले अर्ध्या तासात पाठ करतात. नंतर विचारा, हवेला वजन असते का? निम्मा वर्ग ‘नाही’ म्हणेल, आणि ज्यांनी ‘हो’ म्हटले त्यांतले बरेचजण व्याख्येला जागून म्हणतील. म्हणून मी पहिला तास हवेला देत असे, दगडाला नाही. दगड द्रव्य आहे हे कुणाला पटवावे लागत नाही.

हवेचे वजन दाखवायला सर्रास फुगा वापरतात. तो प्रयोग फसवा आहे. फुगवलेला फुगा स्वतःच्या आकाराएवढी बाहेरची हवा बाजूला सारतो, ती त्याला वर उचलते, आणि आतल्या हवेचे बहुतेक वजन तिथेच फिटते. उरतो तो फुग्यातल्या हवेच्या किंचित जास्त दाबामुळे आलेला फरक. साध्या काट्यावर तो दिसला तर नशीब. त्याऐवजी फुटबॉल घ्या. तो गोल आहे पण मऊ आहे, अशा स्थितीत वजन करा. मग पंपाने टणक होईपर्यंत हवा भरा आणि पुन्हा ठेवा. आकार फारसा बदलत नाही, त्यामुळे वर उचलणारा जोर तेवढाच राहतो, आणि काट्यावर 4-5 ग्रॅमची वाढ दिसते. मुलांसमोर आकडा वाढतो तेव्हा वर्गात जी शांतता होते, तिच्यासाठी मी हा प्रयोग 20 वर्षे केला. गॅलिलिओने 1638 साली छापलेल्या ग्रंथात हीच युक्ती आहे: काचेच्या भांड्यात जादा हवा कोंबायची आणि तोलायचे. त्याचे उत्तर हवा पाण्याच्या सुमारे 400 पट हलकी असे आले, खरा आकडा 800 च्या आसपास आहे. उत्तर निम्म्याने चुकले तरी रीत पक्की होती. हे मुलांना जरूर सांगावे, त्यांचेही काटे चुकतात.

त्यानंतर वर्गखोली मोजायला लावायची. आमची खोली 6 मीटर लांब, 5 मीटर रुंद, 3 मीटर उंच होती. 90 घनमीटर. हवेचा घनमीटर साधारण 1.2 किलोचा. म्हणजे खोलीत 108 किलो हवा. एकदा एक मुलगा हे ऐकून बाकावरून उठला आणि दोन्ही हात समोर धरून हळूहळू चालू लागला, जणू पाण्यातून जातो आहे. त्या दिवशी त्याला द्रव्य कळले असे मी मानते. व्याख्या त्याला चाचणीत लिहिता आली नव्हती.

आता आपल्या भाषेबद्दल थोडे, कारण हा घोळ इंग्रजी पुस्तके वाचून उलगडत नाही. आपण घरात सर्रास म्हणतो, ‘बर्फ विरघळला’. वर्गात मात्र बर्फ वितळतो आणि मीठ विरघळते. मुलाला हे दोन शब्द एकाच अर्थाचे वाटतात, आणि मग ‘मीठ पाण्यात वितळले’ असे तो लिहितो. ती त्याच्या शब्दांची चूक नसते. मीठ पाण्यात पडल्यावर बर्फासारखे स्वतःचेच पाणी होते, असे त्याला खरोखर वाटत असते. मिठाला एकट्याने वितळवायला 801 अंश सेल्सिअस लागतात, आणि पाण्यात ते साध्या तापमानाला नाहीसे होते. एवढा एक आकडा सांगितला तरी दोन क्रिया वेगळ्या असल्याचे त्याला पटते. लाल शाईने शब्द दुरुस्त करून काही होत नाही.

दुसरा शब्द ‘वाफ’. किटलीच्या तोंडातून जो पांढरा लोट निघतो त्याला आपण वाफ म्हणतो, आणि पुस्तक म्हणते की वाफ हा वायू आहे. पण तो पांढरा लोट वायू नाहीच. ते पाण्याचे बारीक थेंब आहेत, म्हणजे द्रव. खरी वाफ दिसत नाही. ती किटलीच्या तोंडालगत, पांढरे सुरू होण्याआधी जी बोटभर रिकामी जागा दिसते, तिथे असते. मुलांना लांबूनच पाहायला सांगा, तिथे हात नेला तर जबरदस्त भाजते. आणि उकळत्या पाण्यातले मोठे बुडबुडे कशाचे? मी दर वर्षी विचारले. ‘हवेचे’ हे उत्तर सर्वांत जास्त, काहीजण ‘प्राणवायूचे’ म्हणत. पाणी कोमट होताना भांड्याच्या तळाशी जे बारीक बुडबुडे चिकटतात ते खरेच विरघळलेल्या हवेचे असतात. पण उकळतानाचे मोठे बुडबुडे पाण्याच्याच वाफेचे. पाणी आटून भांडे कोरडे पडेपर्यंत बुडबुडे येत राहतात. एवढी हवा पाण्यात कुठून असणार, असे विचारले की मुले स्वतःच आपले उत्तर मागे घेतात.

स्थायूसाठीच्या ‘घन’ या जुन्या शब्दाचेही तसेच. घन म्हणजे घट्ट, मग कापूस घन कसा? स्पंज दाबला जातो, मग तो स्थायू कसा? वाळू ओतता येते, भांड्याचा आकार घेते, मग ती द्रव का नाही? हे प्रश्न आले की शिक्षक चिडतात, मीही चिडत असे. खरे तर हेच प्रश्न पाठाचा गाभा आहेत. भिंग देऊन वाळूचा एक दाणा पाहायला लावा. दाण्याने आकार सोडलेला नाही, ढिगाने सोडला आहे. स्पंज दाबल्यावर त्याच्यातून निघाली ती हवा. आणि सगळेच पदार्थ आपल्या तीन खणांत नीट बसत नाहीत, हेही कधीतरी सांगावे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात 1927 पासून डांबरासारखा एक काळा पदार्थ नरसाळ्यात ठेवलेला आहे. हातोडा मारला तर काचेसारखा फुटतो, पण नरसाळ्यातून तो थेंबाथेंबाने खाली येतो. 2014 पर्यंत 9 थेंब पडले. सहावीतल्या मुलांना ही गोष्ट फार आवडते, आणि ‘मग तो स्थायू की द्रव?’ यावर तास संपला तरी वाद चालतो. प्लाझ्मा वगैरे चौथ्या-पाचव्या अवस्थांची नावे त्या वयात नुसती पाठ करून घेण्यात मला अर्थ वाटत नाही.

कणांबद्दल सगळ्यात खोल रुतलेले दोन गैरसमज मात्र चित्रानेच येतात, आणि त्यांच्यावर वेळ घालवलाच पाहिजे. पहिला: दोन कणांच्या मधे काय आहे? मुले म्हणतात, हवा. हवेच्या कणांच्या मधे? तरीही हवा. मधे काहीच नाही, हे मोठ्यांनाही जड जाते. मी घाईने उत्तर देत नसे. ‘हवा म्हणजेच हे ठिपके, मग ठिपक्यांच्या मधे पुन्हा हवा कुठून आणायची?’ एवढे विचारून मी गप्प बसत असे. दुसरा: बर्फाचा कण कडक, पाण्याचा कण मऊ आणि ओला, वाफेचा कण हलका आणि फुगलेला. चित्रकार चौकटीगणिक ठिपक्यांचा रंग बदलतो, बर्फाचे पांढरे, पाण्याचे निळे, तेव्हा तो हाच गैरसमज छापत असतो. आपल्या चित्रातही तसे झाले आहे. कण वितळत नाही, गोठत नाही, ओला होत नाही. तिन्ही चौकटींत तो तोच, तेवढाच, त्याच वजनाचा. बदलते ते त्यांचे एकमेकांना धरून राहणे आणि त्यांची हालचाल. ओलेपणा, कडकपणा हे गुण असंख्य कण एकत्र आल्यावर दिसतात. 18 ग्रॅम पाण्यात 6 वर 23 शून्ये एवढे कण, म्हणजे रेणू, असतात. एकट्याला विचाराल, तर तो ओला नाही.

बर्फ वितळतानाचा तापमापीचा प्रयोगही मी कधी सोडला नाही. चंचुपात्रात कुटलेला बर्फ, त्यात तापमापी, खाली मंद आच. एक मूल दर मिनिटाला आकडा वाचते, दुसरे फळ्यावर लिहिते. ढवळत राहिले तर पारा शून्याच्या आसपास येऊन थांबतो आणि बर्फ संपेपर्यंत हलत नाही. ‘बाई, तापमापी बिघडली’ असे कुणीतरी म्हणतेच. आच चालू आहे, मग उष्णता जाते कुठे? 1 ग्रॅम बर्फ वितळवायला सुमारे 334 ज्यूल लागतात, आणि तेवढ्याच उष्णतेत 1 ग्रॅम पाणी शून्यापासून जवळजवळ 80 अंशांपर्यंत तापते. जोसेफ ब्लॅक यांनी स्कॉटलंडमध्ये 1762 च्या सुमारास ही लपलेली उष्णता ओळखली. ती कणांची पकड सोडवण्यात खर्च होते. आणि त्याच 1 ग्रॅम पाण्याची 100 अंशांवर वाफ करायला सुमारे 2260 ज्यूल लागतात, वितळवण्याच्या जवळजवळ 7 पट. मघाचे 3 टक्के आणि 12 पट आठवा. उंबरठ्याला थोडे इंधन, उडीला खूप. अंतराचे आकडे आणि उष्णतेचे आकडे एकच गोष्ट सांगतात, हे पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मी एकटीच प्रयोगशाळेत बसले होते आणि मला कुणाला तरी हाक मारावीशी वाटली होती.

कुणी म्हणेल, एवढे खोलात कशाला, मुले लहान आहेत. मुले लहान आहेत म्हणूनच. पाण्यात तरंगणारे, परागकणांतून निघालेले बारीक कण सतत थरथरतात हे रॉबर्ट ब्राउनने 1827 साली पाहिले. त्यामागे रेणूंचे धक्के आहेत हे आइनस्टाइनने 1905 साली गणिताने मांडले, आणि त्यानंतर झाँ पेराँने मोजून दाखवले. तोवर अणू खरेच असतात का, याबद्दल नावाजलेले रसायनशास्त्रज्ञही साशंक होते. पेराँला 1926 चे नोबेल मिळाले. जे पटायला मोठ्या विद्वानांना एवढी वर्षे लागली, ते 11 वर्षांच्या मुलाने एका तासात, तीन चौकटी पाहून मान्य करावे असे आपण धरतो. त्याला निदान चित्र तरी खरे द्यावे.

पुरवणीत पुढच्या वेळी जागा असेल, तर दुरुस्त चित्र छापावे आणि सोबत सिरिंजचा प्रयोग द्यावा. घरी करताना सुई नसलेलीच सिरिंज घ्यावी, हे ठळक अक्षरात असावे. मुलांना मैदानावर उभे करूनही हे दाखवता येते. स्थायू: खांद्याला खांदा लावून रांगेत, जागच्या जागी हलत. कण स्थायूतही थरथरतात, त्यामुळे पुतळ्यासारखे उभे करू नये. द्रव: तेवढ्याच दाटीत जागा बदलत. वायू: प्रत्येकाने शेजाऱ्यापासून 12 हात दूर. वर्ग 40 मुलांचा असेल तर मैदान पुरत नाही, आमचेही पुरले नाही, आणि अर्धी मुले फाटकाबाहेर उभी राहिली. ते दृश्य त्यांनी मोठेपणी भेटल्यावरही मला आठवून सांगितले आहे.

या पत्रासोबत पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन चौकटी काढून पाठवत आहे. तिन्हींत ठिपक्यांचा आकार आणि रंग एकच आहे. तिसऱ्या चौकटीत एकच ठिपका आहे, तोही कोपऱ्यात. छपाईत बाकीचे पुसले गेले असे समजून कुणी आणखी ठिपके घालू नयेत, एवढे कृपया पाहावे.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका